सेक्टरची बातमी मुदत संपायच्या आत पोचली पाहिजे

नवी मुंबईत घणसोलीला सिम्प्लेक्स वसाहतीच्या बाजूला राहणाऱ्या एका दादांनी विचारलंय की पालिका आमच्या भागात काय करणार ते आम्हाला कधीच आधी कळत नाही, जेसीबी येऊन उभा राहिला की कळतं. सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या केकखाली कामाचे मेसेज दबून जातात. आम्ही चार-पाच जण मिळून सेक्टरसाठी काहीतरी सुरू करावं म्हणतोय, तर व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढू, चॅनल काढू का छापील पान, आणि सुरुवात कुठून करू.

दादा, मी ऐरोलीला राहते. नऊ वर्षं एका स्थानिक साप्ताहिकात बातमीदार होते, ते बंद पडल्यावर गेली तेरा वर्षं आमच्या आणि शेजारच्या दोन सेक्टरांसाठी दर शनिवारी एक पान काढते. बरोबर तीन मैत्रिणी आणि एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत. त्यामुळे जे सांगतेय ते करून बघितलेलं आहे.

ग्रुप का चॅनल हे मी शेवटी सांगते कारण तो सगळ्यात सोपा भाग आहे. आधी हे ठरवा की तुमच्या लेखी बातमी कशाला म्हणायचं. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की जे कळल्यावर माणसाला काहीतरी करता येतं आणि ते करायला अजून वेळ शिल्लक आहे, ती सेक्टरची बातमी. रस्ता खोदलाय हे सगळ्यांना दिसतंच. पण त्या रस्त्याचं टेंडर निघालंय, गटार शाळेच्या गेटसमोरून जाणार आहे, काम जूनच्या आधी उरकायचं असेल तर वॉर्ड ऑफिसला आत्ताच पत्र द्यायला हवं, हे कळलं तर उपयोग. आपल्याकडे माहिती नसते असं नाही हो, माहिती असते, पण ती मुदत संपल्यावर येते.

एक उदाहरण सांगते. आमच्या जवळच्या एका मोकळ्या प्लॉटच्या वापरात बदल करायची जाहीर नोटीस पेपरात आली होती, आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, एका बाजूला नाव बदलल्याची जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला हरवलेलं शेअर सर्टिफिकेट. काकांना रोज त्या नोटिसा वाचायची सवय, त्यांनी ती पाहिली तेव्हा हरकती देण्याच्या मुदतीतले चार दिवस उरले होते. आम्ही त्याच रात्री माझ्या डायनिंग टेबलवर बसून साध्या भाषेत एक पानी मेसेज केला, नोटीस काय म्हणते, प्लॉट नेमका कुठला, हरकत कशी लिहायची, कुठल्या ऑफिसात द्यायची आणि शेवटची तारीख काय. चार दिवसांत साठ-पासष्ट लोकांनी हरकती दिल्या आणि प्रत्येकाने पोच घेतली. पुढे सुनावणीची पत्रं आली ती ज्यांनी लेखी दिलं होतं त्यांनाच आली, बाकी शंभर लोक ग्रुपवर नुसते चिडले होते त्यांना कोणी बोलावलं नाही. त्या दिवसापासून आमच्या पानाच्या डोक्यावर पहिली चौकट असते ती "या आठवड्यात संपणाऱ्या मुदती". त्यात हरकती-सूचना, मालमत्ता कराची सवलत, मतदार यादीची दुरुस्ती, शाळेचे प्रवेश, जे असेल ते. लोक बाकी पान वाचोत न वाचोत, ती चौकट वाचतात.

२०२२ ला नवी मुंबईचा प्रारूप विकास आराखडा आला तेव्हाही तेच झालं. नकाशे वेबसाईटवर होते, पण त्यात आपला सेक्टर शोधायचा, रंगांचा अर्थ लावायचा आणि आपल्या बागेवर कसलं आरक्षण आहे ते बघायचं हे साध्या माणसाचं काम नाही. आम्ही फक्त आमच्या तीन सेक्टरांचा तुकडा मोठा करून छापला, त्यावर लोक ओळखतात त्या खुणा लिहिल्या, डेअरी, गणपती मंडळ, रिक्षा स्टँड, आणि विरंगुळा केंद्राच्या भिंतीवर लावला. म्हातारी माणसं काठी टेकत येऊन बघायची आणि घरी जाऊन मुलांना सांगायची. एवढंच काम आहे आपलं, मोठ्या कागदातून आपल्या गल्लीचा तुकडा कापून लोकांच्या हातात द्यायचा.

आता नवी मुंबईची खास अडचण. इथे कुठली गोष्ट कोणाची हेच लोकांना माहीत नसतं. जमीन सिडकोची, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, लीजवर, रस्ते-गटारं-कचरा पालिकेचा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा भाग एमआयडीसीचा, वीज महावितरणची, स्टेशनच्या इमारती सिडकोने बांधलेल्या आणि गाड्या रेल्वेच्या. खारघर-कामोठ्याला जा, तर तिथे २०१६ पासून पनवेल महापालिका, म्हणजे नवी मुंबई म्हणून राहणारा माणूस नवी मुंबई पालिकेत नसतोच. पाण्याचंही तसंच. पालिकेचं मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रातून शुद्ध होऊन येतं, पण दिघा, ऐरोली, घणसोलीच्या काही भागात एमआयडीसीचं पाणी येतं, ते बारवी धरणाचं. त्यामुळे "उद्या नवी मुंबईत पाणी नाही" हे वाक्य जवळजवळ दरवेळी कोणासाठी तरी चुकीचंच असतं. माझी बहीण कळव्याला राहते, तिच्याकडे तर ठाणे पालिकेची स्वतःची योजना, स्टेम नावाचं पाणी प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई पालिका अशा चार ठिकाणांहून ठाण्याला पाणी येतं, शटडाऊन एकाचा असतो आणि घाबरतं सगळं ठाणं. म्हणून पहिल्या महिन्यात काहीही छापू नका, फक्त तुमच्या सेक्टरचा एक तक्ता करा. पाणी कोणाचं, कुठल्या टाकीतून, रस्ता कोणाकडे, दिवे कोणाकडे, मैदान कोणाच्या ताब्यात, त्या त्या खात्याचा जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर, कोण. घणसोलीचा भाग सिडकोकडून पालिकेकडे बाकीच्यांपेक्षा उशिरा आला, त्यामुळे तुमच्याकडे हा गोंधळ आणखी असणार, पण एकदा तक्ता झाला की अर्ध्या तक्रारी योग्य दारात जातात.

माहिती मिळवायची कुठून, तर सगळ्यात आधी माणसं. पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन, सफाईचा मुकादम, घंटागाडीचा ड्रायव्हर, सोसायटीचा पंप ऑपरेटर. या लोकांना साहेबांच्या आधी कळतं. त्यांना चहा पाजा, नाव विचारा, पण त्यांचं नाव कधीही मेसेजमध्ये घालू नका, त्यांची नोकरी जाते. त्यांच्याकडून जे कळेल ती खबर झाली, ती जेईला किंवा जनसंपर्क विभागाला विचारून पक्की झाली की मग बातमी. मग वॉर्ड ऑफिसचा नोटीस बोर्ड, आठवड्यातून एकदा जाऊन फोटो काढायचा. आमच्यातली एक मैत्रीण मुलाला क्लासला सोडून येताना ते करते, दहा मिनिटं लागतात. पेपरातल्या जाहीर नोटिसा रोज. महाटेंडर्स या सरकारी टेंडरांच्या वेबसाईटवर आपल्या विभागाचं नाव टाकून आठवड्यातून एकदा बघायचं. आणि कामाच्या जागेवर लावलेला फलक, कामाचं नाव, रक्कम, कंत्राटदार, सुरू झाल्याची आणि संपायची तारीख, दोष दायित्व कालावधी. हा शेवटचा शब्द लोकांना माहीतच नसतो, त्याचा अर्थ इतकाच की तेवढ्या काळात रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. फलक लागला त्याच दिवशी फोटो काढून तारखेसकट जपून ठेवा, काम संपलं की फलक जातो आणि रस्ता उखडतो तेव्हा कोणाला काही आठवत नाही. आमच्याकडे एका पेव्हर ब्लॉकच्या कामाचा असा फोटो होता, पावसाळ्यानंतर ब्लॉक खचले तेव्हा तो फोटो लावून पत्र दिलं आणि पालिकेने कंत्राटदाराकडून ते फुकट परत करून घेतलं. फोटो नसता तर नवीन टेंडर निघालं असतं, पैसे आपलेच.

माहिती अधिकार वापरा, पण शेवटी वापरा आणि नीट वापरा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. लोक चूक करतात ती ही की "रस्ता का केला नाही" असं विचारतात. का ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, त्यांना रेकॉर्डवर जे आहे ते द्यायचंय. म्हणून असं विचारा की अमुक सेक्टरमध्ये या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या कामांची यादी, कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) तारीख, रक्कम, कंत्राटदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी द्या. फाईल मोठी असेल तर प्रती मागण्यापेक्षा फाईल प्रत्यक्ष बघायला मागा, पानाला दोन रुपये वाचतात ते वेगळं, शेरे-सह्या बघून बरंच कळतं. आणि त्याच कायद्याच्या कलम ४ खाली १७ प्रकारची माहिती कोणी न मागताच जाहीर करायची असते, ती आधी वेबसाईटवर शोधा, अर्जाचा महिना वाचतो.

सभांकडे लक्ष ठेवा हे आता मुद्दाम सांगते. मे २०२० ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचं मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली साडेपाच वर्षं प्रशासक हीच स्थायी समिती आणि तीच महासभा, जे विषय पूर्वी सभागृहात वाद होऊन पेपरात यायचे ते नुसते सही होऊन पुढे जायचे. त्या वर्षांत आमच्या पानाचं काम दुप्पट झालं होतं, आणि मला आजही वाटतं की त्या काळात लोकांची विचारायची सवयच मोडली. आता नगरसेवक आलेत, बहुतेक प्रभागांत चार-चार, म्हणजे कोणाला फोन करायचा हा नवा प्रश्न. महिन्यातून एकदा तरी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिची विषयपत्रिका आधी निघते, ती मिळवा आणि आपल्या सेक्टरशी संबंध असलेले दोन-तीन विषय काढून लोकांना सभेच्या आधी सांगा. सभेनंतर आपल्या प्रभागाचे नगरसेवक त्यावर काय बोलले, बोलले का नाही, तेही लिहा. आमदार-खासदारांची भाषणं टीव्हीवर दिसतात, आपल्या गल्लीच्या गटाराबद्दल सभागृहात कोण बोललं हे सांगणारं दुसरं कोणी नाही.

इथे एक फरक पानावर कायम समजावत राहावा लागतो, ठराव झाला म्हणजे लागू झाला असं नाही. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ, हा मेसेज घ्या. ती माफी २०२२ ला मिळाली मुंबई महापालिकेच्या हद्दीत. नवी मुंबईत २०१९ ला महासभेने तसा ठराव करून शासनाकडे पाठवला होता, पण ठराव पाठवणं वेगळं आणि बिलातून रक्कम कमी होणं वेगळं. फॉरवर्ड करताना कोणीतरी "मुंबई" हा शब्द गाळतो आणि इकडे लोक बिल भरायचे थांबतात, मग वर दंड चढतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी दोन बिलं तशीच ठेवली होती पिशवीत, "माफ झालंय ना" म्हणून. तेव्हापासून आम्ही अशा बातमीत तीन गोष्टी लिहितोच, कोणी ठरवलं, कोणासाठी, आणि आज लागू आहे का.

मेसेज लिहिण्याबद्दल माझा एकच हट्ट आहे, आज, उद्या, परवा हे शब्द नकोत. एकदा आमच्याकडे "उद्या सकाळी १० ते रात्री ८ पाणी बंद" असा मेसेज फिरला, खरा होता, मी स्वतःच लिहिलेला. तो तीन आठवडे फिरत राहिला. दर दोन दिवसांनी कोणीतरी तो नव्याने टाकायचं आणि दर दोन दिवसांनी चाळीतल्या बायका कामावरून दमून आल्यावर ड्रम, कळशा, बादल्या भरून ठेवायच्या, सगळ्यांनी एकदम नळ उघडल्यामुळे वरच्या मजल्यावर खरंच पाणी चढेना. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. आता आम्ही असं लिहितो: "बुधवार, तारीख अमुक, सकाळी १० ते गुरुवार सकाळपर्यंत, सेक्टर अमुक ते अमुक, पालिकेचं पाणी. एमआयडीसीचं पाणी चालू राहील. माहिती कोणी दिली: पाणीपुरवठा विभाग, मंगळवारी दुपारी ४ वाजता. गुरुवारी संध्याकाळी पाणी कमी दाबाने येईल." ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे, पाणी चालू झालं म्हणजे लगेच पूर्ण दाबाने येत नाही, लाईन भरायला वेळ लागतो, ते सांगितलं की फोन कमी येतात. फोटोत मजकूर लिहून पाठवू नका, शब्दांत पाठवा, म्हणजे शोधता येतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाईल वाचून दाखवतो.

चूक होणार. माझ्याकडून एकदा प्लॉट नंबर बरोबर आणि सेक्टर चुकीचा गेला, आपल्याकडे प्रत्येक सेक्टरमध्ये प्लॉट नंबर १ पासून सुरू होतात हे विसरले. मी लिहिलं की अमुक दुकानाच्या मागचं बांधकाम बेकायदा म्हणून नोटीस निघाली आहे, नोटीस दुसऱ्याच सेक्टरच्या त्याच नंबरच्या प्लॉटला होती. त्या दुकानदाराकडे दोन दिवस लोक येऊन विचारत होते, त्याची बायको रडली. मी त्याच्या दुकानात जाऊन माफी मागितली आणि पुढच्या शनिवारी पानाच्या वरच, जिथे बातमी होती तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापली. चूक झाली की मेसेज गुपचूप डिलीट करू नका, काय चुकलं होतं आणि खरं काय ते लिहा. आणि कोणावर आरोप असेल तर त्या माणसाला आधी फोन करून त्याची बाजू घ्या, दहा मिनिटांचा फोन आहे. बदनामीचा खटला नव्या न्याय संहितेतही आहेच, पण त्याच्या भीतीने नाही, शेजारी राहायचंय म्हणून.

पैसे आणि पक्ष. आमच्या पानावर कुठल्याही नेत्याचा फोटो नसतो, वाढदिवस नसतो, "यांच्या प्रयत्नांतून" हे शब्द नसतात. काम झालं, किती रकमेचं, कुठल्या निधीतून, बस. सुरुवातीला सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते रागावले, नंतर तेच पान वाचायला लागले कारण त्यात दुसऱ्याचाही फोटो नव्हता. पालिकेची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराची जाहिरात कधीही घेऊ नका, बिल्डरचीही नाही. आमचा खर्च म्हणजे ऐंशी-नव्वद झेरॉक्स, तो सोसायट्या वर्गणीतून देतात, कोणाकडून किती आले ते वर्षातून एकदा पानावरच छापतो.

आता तुमचा ग्रुप का चॅनल. बातम्यांसाठी व्हॉट्सअॅप चॅनल घ्या, भारतात २०२३ पासून मिळतं. त्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ग्रुपमध्ये दिसतात आणि बायकांना त्यावरून नको ते मेसेज येतात, आमच्याकडे दोन मुली त्याच कारणाने ग्रुप सोडून गेल्या. बोलण्यासाठी वेगळा ग्रुप ठेवा, त्यात १०२४ जण बसतात, पण तिथलं काहीही चॅनलवर सरळ उचलून टाकायचं नाही. सभासदाने टाकलेल्या प्रत्येक पोस्टला अॅडमिन जबाबदार नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, त्यामुळे घाबरू नका, तरी भडकाऊ दिसलं की काढून टाका. छापील पान मात्र सोडू नका. लिफ्टच्या बाजूला, वॉचमनच्या केबिनवर, दुधाच्या बूथवर, गावठाणात देवळाच्या भिंतीवर. गावठाणातली आगरी-कोळी मंडळी सेक्टरच्या ग्रुपमध्ये नसतात, आणि त्यांच्या प्रश्नांना सेक्टरवाले आपले मानत नाहीत, नाला मात्र दोघांचा एकच. तुमच्यात गावठाणातलं एक माणूस पहिल्या दिवसापासून घ्या. नियमित छापील नियतकालिक म्हणून विकायचं-वाटायचं मनात असेल तर २०२३ च्या नव्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ते आधी वकिलाला विचारून करा, सोसायटीच्या सूचना फलकावर कागद लावणं वेगळं.

आणि बातमी दिली की तिचा पाठपुरावा वहीत लिहा. आमची एक लांब वही आहे, डावीकडे तारीख आणि विषय, मध्ये पत्राचा आवक नंबर, उजवीकडे काय झालं. उजवी बाजू रिकामी राहिली की महिन्याने तो विषय पुन्हा पानावर येतो, "३० दिवस झाले, उत्तर नाही" एवढ्या पाच शब्दांत. तुमच्या भागाचं वॉर्ड ऑफिस घणसोलीतच आहे, या सोमवारी जाऊन नोटीस बोर्डाचा फोटो काढा आणि सिम्प्लेक्सच्या बाहेर सध्या कुठलं काम चालू असेल तर त्या फलकाचाही, दोन्ही कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. तक्ता करताना अडलात तर ऐरोलीच्या विरंगुळा केंद्रात शनिवारी सकाळी ९ ला आम्ही पाचही जण असतो, जुने तक्ते घेऊनच बसतो.